चित्रपती कै. व्ही. शांताराम

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, असा परिपाठ पुष्कळ वर्षांपासून चालत आलेला आहे. ही व्यक्ती बहुधा आपल्या ज्ञातीतील असते. यंदा हे काम चिटणीसांनी आमच्याकडे सोपविले आणि आम्ही कै. शांताराम वणकुद्रे यांचे नाव सुचविले, तेव्हा कार्यकारी मंडळातील दोघा-तिघांनी नाके मुरडली. एक तर हा गृहस्थ आपल्या ज्ञातीचा नव्हे. दुसरे असे की सिनेमाचा धंदा करणारा. आणि तिसरे, त्याची तीन लग्ने झालेली. तिन्ही आक्षेप खरे आहेत. तरीही आम्ही आमचा हट्ट सोडला नाही. याचे कारण असे की, ज्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर वधूवरांची सूची छापली जाते, त्याच स्मरणिकेच्या पहिल्या पानांवर या माणसाचे चरित्र यावे, असे आम्हांस मनापासून वाटते. का वाटते, ते पुढे ओघाने येईलच.

शांताराम यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील राजाराम हे जैन आणि मातोश्री कमलाबाई हिंदू. पंक्तीला शेजारी कोण बसला याची चौकशी करण्याच्या त्या काळात असे घर म्हणजे एक नवलच होय. शालेय शिक्षण त्यांच्या वाट्याला फार थोडे आले. बालपणी काही काळ ते गंधर्व नाटक मंडळीत होते. नंतर हुबळीस रेल्वेच्या कारखान्यात त्यांनी हातांस काळे लावून घेतले आणि तेथेच एका सिनेमागृहात पडेल ते काम करीत असता पडद्यावरील हलत्या चित्रांचा त्यांस छंद लागला. मॅट्रिकच्या दाखल्यावर आयुष्यभर मास्तरकी केलेल्या आमच्यासारख्यास हे वाचून थोडे खजील व्हावयास होते. दाखला आमच्याजवळ होता आणि विद्या त्यांच्याजवळ होती.

१९२० साली ते कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले. कंपनीचे चालक बाबूराव पेंटर हे स्वतः चित्रकार, मूर्तिकार व कारागीर असून त्यांनी चित्रणाचा कॅमेरा आपल्या हातांनी सिद्ध केला होता. अशा गुरूच्या हाताखाली शांताराम यांनी झाडलोटीपासून अभिनयापर्यंत सर्व कामे केली. १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’ या मूकपटात त्यांनी तरुण शेतकऱ्याची भूमिका केली होती. सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहराच्या गिरणीकडे वळणाऱ्या कुणब्याची ती कथा. आपल्या मराठवाड्यातील वाचकांस तिचा अर्थ फोड करून सांगण्याचे प्रयोजन नाही. देवदेवतांच्या चमत्कारांवर सारा चित्रपटधंदा चालला असता साध्या माणसाचे दुःख पडद्यावर आणता येते, हा धडा शांताराम येथे शिकले असावेत असे आमचे अनुमान आहे. १९२७ साली ‘नेताजी पालकर’ या चित्रपटाच्या दिग्दर्शनाचे काम त्यांजकडे आले आणि तेथून ते दिग्दर्शक झाले.

१९२९ साली विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर, सीताराम कुलकर्णी आणि शांताराम या पाच जणांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. तुतारी फुंकणारी स्त्री हे तिचे बोधचिन्ह आमच्या पिढीतील प्रत्येकाने केव्हा ना केव्हा पाहिलेले आहे. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा पहिला बोलपट निघाला. दुर्गाबाई खोटे व गोविंदराव टेंबे यांच्या त्यात भूमिका होत्या. १९३३ साली कंपनी पुण्यास आली. त्याच वर्षी ‘सैरंध्री’ हा चित्रपट रंगीत करण्याच्या हेतूने शांताराम जर्मनीस गेले. रंगांचा तो प्रयोग काही साधला नाही. परंतु तिकडील चित्रपट त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले. मनातील भय, संशय, विकार हे दिवा-सावलीच्या खेळाने कसे दाखवावेत, यात त्या काळी जर्मन लोकांचा हातखंडा होता.

परत आल्यावर काढलेल्या ‘अमृतमंथन’ या १९३४ सालच्या चित्रपटात त्याचा प्रत्यय आला. त्यात यज्ञातील बळी बंद करू पाहणारा राजा आणि त्यास विरोध करणारा राजगुरू यांचा झगडा आहे. हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन या नटाने राजगुरूचे काम केले. त्या राजगुरूचा एकच डोळा सबंध पडदा व्यापून आपल्याकडे पाहतो. दूरवरून जवळचे चित्र टिपणारे भिंग वापरून हे दृश्य घेतले होते, असे सांगतात. यंत्राची करामत थोडा वेळ बाजूस ठेवली, तरी ज्यास सर्व जण नमस्कार करतात अशा माणसाच्या डोळ्यांत खोल उतरून तेथे काय दडले आहे ते पाहावे, हा ध्यास त्यांस येथे प्रथम लागलेला दिसतो. तो पुढे जवळजवळ चाळीस वर्षे सुटला नाही.

आता ‘कुंकू’कडे वळू.

हा चित्रपट १९३७ साली निघाला. हिंदीत त्याचे नाव ‘दुनिया न माने’ असे होते. कोरेगावचे कादंबरीकार नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो घेतला होता. नीरा नावाची पोरकी मुलगी. मामाच्या आश्रयाने वाढलेली. हा मामा तिला फसवून काकासाहेब नावाच्या वृद्ध बिजवर वकिलाच्या गळ्यात बांधतो. काकासाहेबांचा मुलगा व मुलगी दोघेही नीरेपेक्षा वयाने मोठे. लग्न तर लागून जाते. परंतु हे लग्नच नव्हे असे ठरवून नीरा पत्नी म्हणून राहण्यास साफ नकार देते. शांता आपटे यांनी ही नीरा अशी उभी केली आहे की, तिच्या रडण्याची नव्हे तर तिच्या ताठ मानेची आठवण राहते. काकासाहेबांची विधवा मुलगी सुशीला नीरेची बाजू घेते. ही भूमिका रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतलाबाई यांनी केली. याच शकुंतलाबाई पुढे संततिनियमनाच्या कार्यासाठी प्रसिद्धीस आल्या व राज्यसभेच्या सदस्याही झाल्या.

परंतु आमच्या मते या चित्रपटाचे खरे मर्म नीरेपेक्षा काकासाहेबांत आहे. केशवराव दाते या थोर नटाने त्यांचे काम केले. काकासाहेब हे खलपुरुष नव्हेत. समाजात मान असलेले, वकिली करून नाव मिळविलेले, चार लोकांत सल्ला देणारे असे ते गृहस्थ आहेत. आपण काही अनुचित केले आहे हे त्यांस ठाऊकच नसते. कारण भोवतालच्या एकानेही तसे म्हटलेले नसते. भटजी आले, मामाने हात जोडले, पंगती उठल्या. मग चुकले कोठे? ते त्यांस केवळ दोन वस्तू सांगतात. एक आरसा आणि दुसरे भिंतीवरील जुने लंबकाचे घड्याळ. आरशात म्हातारपण दिसते, ते झाकावयाचा ते खटाटोप करतात; घड्याळ मात्र झाकता येत नाही. त्याची टिकटिक घरात चालूच राहते. या चित्रपटास शांताराम यांनी पार्श्वसंगीत मुळीच दिले नाही. जो आवाज घरात व रस्त्यावर खरोखर होईल, तेवढाच ऐकू येतो. त्यामुळे ते घड्याळ प्रेक्षकांच्या कानांत अखेरपर्यंत ठाण मांडून बसते. शेवटी म्हाताऱ्याचे डोळे उघडतात. तो नीरेस कन्या मानतो, आणि तिला मोकळे करण्यासाठी स्वतःच्या जिवाचा अंत करतो. हा शेवट आम्हांस पूर्णपणे पटत नाही. नवरा मेल्यावाचून बायको मोकळी होत नाही, असे यातून निघते. परंतु ही उणीव शांताराम यांची की त्या काळच्या कायद्याची, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. कारण १९३७ साली हिंदू स्त्रीस घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदाच नव्हता. तो १९५५ साली आला.

येथे थोडे घरचे सांगितल्यावाचून राहवत नाही. वाचकांनी क्षमा करावी.

आमचे तीर्थपुरी गाव तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात मोडत असे. इंग्रजी मुलखात १९३० पासून सारडा कायदा अमलात आला होता व चौदा वर्षांखालील मुलीचे लग्न करणे हा अपराध ठरला होता. निजामाच्या हद्दीत तो कायदा लागू नव्हता. १९३८ साली, म्हणजे ‘कुंकू’ निघाल्याच्या पुढच्याच वर्षी, आमच्या आत्याचे लग्न झाले. आत्या बारा वर्षांची व नवरदेव पन्नाशी उलटलेले, बिजवर. आजोबांस कर्ज होते. नवरदेवास जमीन होती. मध्यस्थी ज्ञातीतील एका वजनदार गृहस्थाने केली व ज्ञातीतील सर्व मानकरी त्या लग्नात पंगतीस बसले होते. एकोणिसाव्या वर्षी आत्या पांढऱ्या कपाळाने माहेरी परत आली, ती जन्मभर आमच्या घरी राहिली. आम्हांस न्हाऊ-माखू घालणारी, शाळेत जाताना हातावर गूळ ठेवणारी तीच. त्या लग्नाबद्दल आमच्या घरात कोणी कधी बोलत नसे. कोणी वाईट वागले होते असेही कोणाच्या मनात नव्हते. सारे काकासाहेबच होते. असो.

१९३९ साली शांताराम यांनी ‘माणूस’ काढला. हिंदीत तो ‘आदमी’ या नावाने निघाला. त्याच्या आधी चार वर्षे ‘देवदास’ने साऱ्या देशास रडविले होते, प्रेमभंग झाला की दारू पिऊन मरावे, असे जणू शास्त्रच होऊन बसले होते. ‘माणूस’ हा त्यास उत्तर म्हणून काढला, असे जाणते लोक सांगतात. गणपत हा पोलीस शिपाई आणि मैना ही वेश्या. शाहू मोडक व शांता हुबळीकर यांनी ही कामे केली. गणपतच्या मनात मैनेविषयी माया आहे. परंतु तिला घेऊन आईपुढे उभे राहण्याचा धीर नाही. मैनेच्या मनात संसाराची आस आहे. परंतु आपण त्या योग्यतेच्या नाही, ही गाठ तिच्या मनात इतकी घट्ट बसलेली की दार उघडे असूनही तिचे पाऊल उंबरठ्यावर अडते. बाहेरच्या लोकांनी घातलेले बंधन आत जाऊन मनाचेच बंधन कसे होते, हे इतक्या साधेपणाने सांगणारा दुसरा मराठी चित्रपट आमच्या पाहण्यात नाही. पुढे मैना तुरुंगात जाते. गणपत मरणाच्या दारापर्यंत जाऊन परत येतो आणि कामावर रुजू होतो. माणसाने दुःख झाले तरी सकाळी उठून आपल्या कामास लागावे, हे एका शिपायाकडून सांगविले आहे, ते आम्हांस फार भावते.

१९४१ सालचा ‘शेजारी’ हा प्रभातमधील त्यांचा अखेरचा चित्रपट. एक हिंदू व एक मुसलमान अशा दोन जुन्या मित्रांची मने कशी कलुषित केली जातात, याची ती कथा विश्राम बेडेकर यांनी लिहिली होती. केशवराव दाते व गजानन जागीरदार यांनी ते दोन म्हातारे उभे केले. अखेरीस धरण फुटते आणि दोघे एकत्र जलसमाधी घेतात. पुढे सहाच वर्षांत देशाची फाळणी झाली. आमच्याकडील रझाकारांच्या दिवसांच्या गोष्टी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या असल्याने या चित्रपटाकडे आम्ही नुसती करमणूक म्हणून पाहू शकत नाही.

१९४२ साली शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. भागीदारांत मतभेद झाले होते. त्यांच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही. वयाच्या चाळिशीत, ज्या संस्थेस स्वतः नावारूपास आणले ती सोडून, मुंबईस परळ येथे वाडिया मूव्हीटोनच्या जागेत त्यांनी राजकमल कलामंदिर उभे केले. राजाराम व कमला या मातापित्यांच्या नावांवरून ‘राजकमल’ हे नाव घेतले. येथून पुढे चित्रपट त्यांचा, पैसा त्यांचा व नफा-तोटाही त्यांचाच. कोणाकडे मान तुकवून विषय मंजूर करून घेण्याची गरज त्यांस उरली नाही. आणि चूक होत असता कोणी अडवील अशीही सोय राहिली नाही. या स्वातंत्र्याचे दोन्ही परिणाम पुढे दिसले. १९४३ सालच्या ‘शकुंतला’ने उदंड यश दिले. १९४६ साली चीनमध्ये रुग्णसेवा करता करता देह ठेवणाऱ्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या जीवनावर त्यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढली व डॉक्टरांची भूमिका स्वतः केली. १९५१ साली शाहीर होनाजी बाळावर ‘अमर भूपाळी’ आली.

१९५० सालच्या ‘दहेज’ या हिंदी चित्रपटाचा उल्लेख मात्र आमच्या वाचकांसाठी निराळा केला पाहिजे. हुंड्यापायी सासरी गांजली जाणारी मुलगी आणि तिचा असहाय पिता यांची ती कथा. पृथ्वीराज कपूर यांनी पिता व जयश्रीबाई यांनी मुलगी उभी केली. हुंडाबंदीचा केंद्रीय कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६१ साली झाला. कायद्याच्या आधी चित्रपट आला. कायद्यानंतरही आपल्या वधूवर मेळाव्यात ‘यथाशक्ती’ या शब्दाचा काय अर्थ घेतला जातो, ते व्यासपीठावर बसणाऱ्या आम्हां सर्वांस ठाऊक आहे.

१९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा त्यांच्या कीर्तीचा कळस होय. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची एक वसाहत वसविली गेली होती. कैद्यांना तेथे भिंती-कुंपणावाचून ठेवून शेती करू द्यावयाची, असा तो धाडसी प्रयोग होता. ते स्थान आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यावरून ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली. सहा खुनी कैद्यांस घेऊन आदिनाथ नावाचा जेलर एका ओसाड माळावर जातो. त्याच्यापाशी ना बंदूक, ना बेडी. केवळ दोन डोळे. हे दोन डोळे आपल्याकडे पाहत आहेत, एवढ्याच जाणिवेने सहा खुन्यांचे बारा हात कामास लागतात. आम्ही पस्तीस वर्षे वर्गात उभे होतो. छडीने मुलगा गप्प बसतो, परंतु पाठ फिरली की पुन्हा तेच. ज्या मास्तराची आठवण मुलगा घरी घेऊन जातो, त्यास छडी लागत नाही. आम्ही छडी वापरली, हे येथे कबूल करतो.

जेलरची भूमिका शांताराम यांनी स्वतः केली होती. बैलाशी झुंजीचे दृश्य घेत असता त्यांच्या डोळ्यांस गंभीर इजा झाली. डोळ्यांवर पट्ट्या बांधून कित्येक दिवस अंधारात पडून राहावे लागले. दोन डोळ्यांचे सामर्थ्य सांगणारा चित्रपट काढताना स्वतःचे डोळे जाण्याची वेळ यावी, हा योगायोग विलक्षण खरा. सुदैवाने दृष्टी परत आली. चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले व १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वलाचा बहुमान लाभला. पुढे १९५९ साली ‘नवरंग’ निघाला. अंधारानंतर रंग दिसू लागल्याचा आनंद त्यात पुरेपूर आहे. तथापि, या काळापासून रंग व नृत्य यांचा सोस त्यांच्या चित्रपटांत इतका वाढला की माणसाचे मन त्यात हरवू लागले, असे आमचे प्रामाणिक मत आहे. ज्याने घड्याळाच्या टिकटिकीवर सबंध चित्रपट पेलला, त्यास शंभर घुंगरांची गरज का पडावी?

आता तिसऱ्या आक्षेपाविषयी. शांताराम यांचा पहिला विवाह विमलाबाईंशी १९२१ साली झाला. १९४१ साली अभिनेत्री जयश्री यांच्याशी व १९५६ साली अभिनेत्री संध्या यांच्याशी त्यांनी विवाह केला. संध्याबाई त्यांच्याहून वयाने पुष्कळच लहान होत्या. ‘कुंकू’ काढणाऱ्याने असे करावे काय, हा प्रश्न आमच्या कार्यकारी मंडळात विचारला गेला आणि तो गैर नव्हे. नीरेस फसविले होते. येथे स्त्रिया जाणत्या होत्या, आपल्या कलेत नामवंत होत्या, हा भेद मोठा आहे. परंतु घरात आधीची पत्नी व मुले असता हे घडले, तेव्हा त्या माउलीस काय वाटले असेल, याचे उत्तर कोणत्याही पुरस्काराने मिळत नाही. आम्ही त्यांचे समर्थन करीत नाही. एवढेच म्हणतो की, दुसऱ्याच्या आरशात पाहणे सोपे असते. काकासाहेब पडद्यावर इतके खरे का उतरले, याचे कारण कदाचित दिग्दर्शकाच्या स्वतःच्या मनातही कोठेतरी असावे.

आणि मग १९७२ साली, वयाच्या सत्तरीत, त्यांनी ‘पिंजरा’ काढला.

त्या वर्षी मराठवाड्यात भयंकर दुष्काळ होता. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे. चित्रपट आमच्या भागात पोहोचावयास वेळ लागला. तो आम्ही जत्रेतील टुरिंग टॉकीजच्या तंबूत जमिनीवर बसून पाहिला. घरी कीर्तनास जातो असे सांगितले होते. पोरवयात आमचे लक्ष गाण्यांकडेच होते. जगदीश खेबुडकरांची गीते व राम कदमांचे संगीत त्या काळी प्रत्येक बैलगाडीत ऐकू येई. पुढे स्वतः गुरुजी झाल्यावर हा चित्रपट पुन्हा पाहिला, तेव्हा मात्र त्या रात्री झोप आली नाही.

जोसेफ फॉन स्टर्नबर्ग याने १९३० साली हाइनरिख मान यांच्या कादंबरीवरून ‘नील देवदूत’ अशा अर्थाच्या नावाचा जर्मन चित्रपट काढला होता. त्यात एक कडक शिस्तीचा शिक्षक नाचगाणे करणाऱ्या बाईपायी धुळीस मिळतो. तेच बीज ‘पिंजरा’त आहे. परंतु शांताराम यांनी त्याचे जे झाड केले, ते अस्सल आपल्या मातीतले आहे. कथा अनंत माने यांची व संवाद शंकर पाटील यांचे. गावास वळण लावणारे आदर्श गुरुजी; डॉ. श्रीराम लागू यांनी ते काम केले. गावात तमाशाचा फड येतो, गुरुजी त्यास हुसकून लावतात आणि फडातील चंद्रकला, म्हणजे संध्याबाई, या माणसाच्या हाती तुणतुणे देईन अशी प्रतिज्ञा करते. गुरुजी घसरतात. एका खुनानंतर सापडलेले प्रेत गुरुजींचे आहे असे गाव समजते. गाव धाय मोकलून रडते आणि गुरुजींचा पुतळा उभारते. जिवंत गुरुजी मात्र तमाशाच्या फडात तुणतुणे घेऊन उभे आहेत. शेवटी त्यांस पकडतात, ते गुरुजींचा खून केल्याच्या आरोपावरून! तोंड उघडले तर जीव वाचतो, पण पुतळा पडतो. गुरुजी गप्प राहतात. स्वतःच्याच खुनाची शिक्षा भोगतात.

‘अमृतमंथन’मधील राजगुरू, ‘कुंकू’तील काकासाहेब आणि ‘पिंजरा’तील गुरुजी या तिघांत अडतीस वर्षांचे अंतर आहे, पण तिघेही एकाच घराण्यातील वाटतात. लोकांच्या नमस्कारांचा पिंजरा तिघांभोवती आहे. पहिल्यास तो दिसतच नाही. दुसऱ्यास फार उशिरा दिसतो. तिसरा तो पाहतो आणि आपण होऊन आत जाऊन बसतो, कारण बाहेर उभ्या असलेल्या पोरांचा विश्वास त्यास मोडावयाचा नसतो. गुरुजींनी खरे बोलावयास हवे होते की नको, याचा निवाडा आम्हांस अद्याप करता आलेला नाही. निरोपसमारंभाच्या दिवशी गळ्यात हार पडत असता आमच्या मनात हाच चित्रपट चालला होता. खाली बसलेल्यांपैकी कोणास ते कळले असेल असे वाटत नाही.

उत्तरायुष्यात त्यांस सर्व मानसन्मान मिळाले. १९८५ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांस देण्यात आला. ‘शांतारामा’ हे आत्मचरित्र त्यांनी लिहिले. ते प्रत्येक वाचनालयात असावे. ऑक्टोबर १९९० मध्ये मुंबई येथे वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मरणोत्तर पद्मविभूषण १९९२ साली जाहीर झाले. ज्या प्रभात स्टुडिओत ‘कुंकू’ व ‘माणूस’ घडले, त्या पुण्याच्या जागेत आता चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे.

त्यांच्या निधनानंतर काही वर्षांनी एका सायंकाळी आम्ही घरी ‘कुंकू’ पाहत होतो. आत्या तेव्हा पासष्टीच्या पुढे गेली होती. तिला चित्रपटाची आवड नव्हती. ती दाराशी बसून गहू निवडीत होती. नीरेने नकार दिला, तेव्हा तिचे हात थांबले. नंतर तिने सूप बाजूस ठेवले आणि शेवटपर्यंत जागची हलली नाही. चित्रपट संपल्यावर हा सिनेमा कोणत्या सालचा, एवढेच तिने आम्हांस विचारले. आम्ही साल सांगितले. तिने बोटांवर काही मोजले, पुन्हा एकदा मोजले, आणि मग देवापाशी दिवा लावावयास आत गेली.